नऊ आणि आठ मिळून तेरा

५ जून

ताई,

हे पत्र कामाचं आहे, म्हणून आधी काम सांगते.

जगभरच्या संशोधकांचे निबंध आणि त्या निबंधांना इतरांनी दिलेले संदर्भ ज्या सूचीत नोंदवले जातात, त्या सूचीने तुला आणि मला एकच माणूस करून टाकलं आहे. तुझे बावीस निबंध आणि माझे चौदा एकाच लेखिकेच्या नावावर जमा आहेत. मिळून पस्तीस दिसतात, कारण एक दोघींचा आहे.

आडनाव एक, नावाचं पहिलं अक्षर एक, विद्यापीठ एके काळी एक. पण एवढ्यावर सूची सहसा फसत नाही. ती फसली ईमेलमुळे. बाबांनी वीजबिलासाठी उघडलेला तो समाईक पत्ता आठवतो? पासवर्ड अजून आईचं माहेरचं नाव आहे. तू तुझ्या पहिल्या निबंधावर तो पत्ता दिला होतास, मी माझ्या पहिल्यावर. यंत्राला एवढा पुरावा पुष्कळ झाला.

नोंदी वेगळ्या करायचा अर्ज मी करू शकते, पण दुसऱ्या बाजूची संमती लागते. तुला एक दुवा येईल, त्यावर ‘मान्य’ दाबायचं. बाकी काही नाही. मी मूल्यमापन कक्षात आहे, लोकांच्या नोंदी साफ करते आणि माझीच अशी असणं बरं दिसत नाही.

ऑफिसच्या मेलवरून घरचं लिहायचं नसतं, आणि घरच्या मेलवर तू उत्तर देत नाहीस. म्हणून कागद.

बाबा बरे आहेत.

— धाकटी

२ जुलै

ताई,

पत्र मिळालं. ‘राहू दे की तसंच. कुणाचं काय बिघडतंय?’ एवढंच लिहायचं होतं तर पाकीट कशाला वाया घालवलंस? तिकीट मात्र चांगलं निवडलंस. बाबांनी ते वाफेवर सोडवून घेतलं. पत्र वाचायला मागितलं नाही, मीही दिलं नाही.

काय बिघडतंय ते सांगते.

विद्यापीठाच्या वनस्पतीसंग्रहाच्या प्रमुखपदाचे अर्ज सोमवारी आकडे तपासायला आमच्याकडे आले. सहा अर्ज आहेत. तिसरा तुझा.

मी तो वाचला, चहा घेऊन आले आणि परत वाचला. ‘सध्याचा पत्ता’ या ओळीत तुझ्या तिकडच्या खोलीचा क्रमांक आहे. तो मला माहीत नव्हता. पाकिटावर मी आजवर नुसतं संस्थेचं नाव घालत होते. तू मला अर्जाबद्दल सांगायला हवं होतंस. सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं हे मात्र विचारू नकोस.

आता आकडा. तुला तो माहीत आहे, पण दरवेळी तू मुद्दाम चुकीचा सांगायचीस, म्हणून लिहिते. ज्याच्या किमान बारा निबंधांना प्रत्येकी किमान बारा ठिकाणी संदर्भ मिळाले आहेत, त्याचा निर्देशांक बारा. या जागेसाठी किमान बारा हवा. विषय कुठलाही असो. तुझा स्वतःचा नऊ आहे. माझा आठ. नऊ आणि आठ मिळून सतरा होत नाहीत, हा आकडा बेरजेने वाढत नाही. एकत्र मोजलं की तेरा होतात. अर्जाचं पोर्टल तो आकडा सूचीतून आपोआप उचलतं. म्हणजे कागदावर तू तेराची आहेस आणि आत येतेस. मला वजा केलं तर बाहेर जातेस.

काल अधिष्ठाता स्वतः खाली आमच्या कक्षात आले होते. आमचे कक्षप्रमुख त्यांना यादी दाखवत होते. या प्रमुखांना आम्ही दशांश सर म्हणतो, कारण कुठलाही आकडा तीन दशांश स्थळांपर्यंत नेल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

“ही कोण हो?” अधिष्ठात्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. “मॉसवर पण लिहिते आणि संशोधन मोजण्याच्या संख्याशास्त्रावर पण?”

“आंतरविद्याशाखीय दिसतात,” दशांश सर म्हणाले.

“तेच म्हणतोय. नाहीतर आपल्याकडे माणसाला एक विषय धड येत नाही. हिला वर ठेवा.”

मी दोन टेबलं सोडून बसले होते. माझ्यासमोरच्या पाटीवर तेच आडनाव आहे. कुणी पाहिलं नाही. मी बोलले नाही.

घरात साध्या खिडकीवरून आपलं कधी पटलं नाही. तुला ती उघडी हवी असायची, मला बंद. आणि कागदावर आपण दोघी मिळून एक गुणी बाई झालो. आई असती तर तिने पुन्हापुन्हा विचारलं असतं, कोणाला वर ठेवा म्हणाले?

तपासलेली यादी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वर जाते. ती तपासणं माझं काम आहे. दोन दिवस मी बाकीचे पाच अर्ज तपासले.

वरची खोली तशीच आहे. तुझी मॉसची पुडकी खोक्यांमध्ये आहेत, मी हलवलेली नाहीत. पंख्याचा आवाज येतो. संग्रहाच्या इमारतीतून आपलं घर चालत येण्यासारखं आहे, हे तुला आठवत असेलच.

बाबा बरे आहेत. हल्ली दाढी बाहेरून करून येतात.

— धाकटी

१९ जुलै

ताई,

तुझं उत्तर आलेलं नाही. मी वाट पाहत होते असं नाही, पण पोस्टमन फाटकाशी थांबला की बाबा आतून विचारतात, “वीजबिल का गं?” आणि वीजबिल आता मेलवर येतं हे त्यांना माहीत आहे.

अर्ज करण्याआधी पस्तीस निबंध एकेक करून कुणाचा कुठला हे लावावं लागतं. शनिवारी बसले. माझे चटकन झाले. तुझे नुसत्या शीर्षकावरूनही लावता आले असते, पण मी उघडले. तुझे निबंध मी आजवर मोजले होते. वाचले नव्हते.

नियम असा आहे की लेखकाने स्वतःच स्वतःच्या जुन्या निबंधाला दिलेला संदर्भ धरायचा नाही. तो वेगळा काढायचा. म्हणून मी ते शोधत होते. घर सोडून गेल्यावर तू अकरा निबंध लिहिलेस. अकराही निबंधांत आपल्या दोघींच्या त्या एका टिपणाचा संदर्भ आहे.

ते टिपण म्हणजे पाण्याच्या टाकीवरचं मॉस, तोवर कुणीच न नोंदवलेली जात. मी तेव्हा कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. पेशी मी मोजल्या, नाव तू दिलंस, चित्र बाबांनी काढलं. शाळेत चित्रकला शिकवून घरी आले की ते कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायचे, तू सूक्ष्मदर्शकात बघून सांगायचीस आणि ते काढायचे. त्या मॉसच्या शास्त्रीय नावापुढे आपलं आडनाव दोनदा लिहावं लागतं, बहीण आणि बहीण म्हणून, याची बाबांना केवढी मजा वाटली होती. दूधवाल्यालाही सांगून झालं होतं. (ते आडनाव जगात कुणीही कितीदाही लिहिलं तरी आमच्या मोजणीत येत नाही. नावापुढचं आडनाव हा संदर्भ नव्हे. दशांश सरांना मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, “रकाना नाही.”)

तर अकराही निबंधांत. काही ठिकाणी संबंध आहे. बऱ्याच ठिकाणी ओढूनताणून आणला आहेस. आणि दरवेळी शब्द तेच. ‘पानाच्या पेशींच्या रचनेसाठी आकृती १ पाहावी.’

आकृती १ बाबांची आहे.

तुझ्या पुस्तकात प्रकाशकाने त्यांच्या चाळीस चित्रांऐवजी फोटो घातले, तू हो म्हणालीस आणि त्यांना सांगितलं नाहीस. पार्सल आलं तेव्हा मीच ते फोडून त्यांच्या हातात दिलं. ते पुस्तक त्यांनी शेवटपर्यंत उलटलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “छपाई छान आहे.” पुढचं जेवण तू अर्धवट टाकून उठलीस, महिन्याभरात नोकरी धरून गेलीस, आणि ते टेबल बाबांनी इस्त्रीच्या कपड्यांना देऊन टाकलं. या सगळ्यात मी कुणाच्याच बाजूने बोलले नाही. मला वाटायचं, दोघंही समजूतदार आहेत, निस्तरतील.

रविवारी मी तुझा गेल्या वर्षीचा निबंध छापून बाबांसमोर ठेवला.

“हे काय?”

“ताईचं. शेवटच्या पानावर बघा, सतरावा संदर्भ.”

“मला काय कळतंय त्यातलं.” चष्मा पुसला, मग वाचलं. “हे तर आपलं टाकीवरचं शेवाळ.”

“मॉस,” मी म्हणाले. तू नाहीस, कुणीतरी म्हणायला हवं.

“आणि ही आकृती १ म्हणजे?”

“तुमची.”

ते निबंधाची पानं मागे उलटत गेले. मग म्हणाले, “हा निबंध बर्फातल्या शेवाळावर आहे ना? चित्रात बर्फ दिसतोय.”

“हो.”

“मग त्याचा आणि आपल्या टाकीचा काय संबंध?”

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“अगदीच काही नाही. तपासनिसांनी कसं चालवून घेतलं कोण जाणे.”

बाबा हसले. “लबाड आहे,” म्हणाले. “पहिल्यापासून लबाड.” मग विचारलं, “अजून आहेत का असे?” मी उरलेले दहा आणून दिले. दुपारी झोपले नाहीत. एकेका निबंधात तेवढी एक ओळ शोधत बसले होते. सापडली की मला हाक मारून दाखवायचे, जणू मी ती आधी पाहिलीच नव्हती.

मी आधीच्या पत्रांत बाबा बरे आहेत असं लिहिलं, ते बरोबर नव्हतं. उजवा हात कापतो. दीड वर्ष झालं. औषध चालू आहे, गंभीर काही नाही असं डॉक्टर म्हणतात, पण दाढीचं पातं धरवत नाही आणि पेन्सिलही. तुला लिहू नको असं त्यांनी सांगितलं होतं. मला ते सोयीचं वाटलं, कारण लिहिलं असतं आणि तरी तू आली नसतीस तर मग मला काय वाटलं असतं, हे मला तपासायचं नव्हतं.

आज मी नोंदी वेगळ्या करण्याचा अर्ज केला.

सरांनाही सांगितलं. तिसरा अर्ज माझ्या बहिणीचा आहे, यादी दुसऱ्या कुणाकडे द्या, आणि ते तेरा आम्हा दोघींचे आहेत.

त्यांनी यादीकडे पाहिलं, माझ्या पाटीकडे पाहिलं. “अरेच्चा,” म्हणाले. “दुरुस्तीचा अर्ज केलात?”

“केला. तिची संमती यायची आहे.”

“नाही आली तर?”

“तुम्ही सांगा.”

“यादी वर जाईल त्या दिवशी सूचीत जो आकडा असेल तो,” सर म्हणाले. “आपण सूचीच्या वर जात नाही. आज मी तुमच्या तोंडी सांगण्यावर आकडा कमी केला, तर उद्या कुणाच्या तोंडी सांगण्यावर वाढवावा लागेल.”

म्हणजे आता हे तुझ्याकडे आहे. ‘मान्य’ दाबलं नाहीस तर तेरा राहतील आणि तुला बोलावतील. दाबलंस तर नऊ. दाबू नकोस असं मी लिहिणार नाही. तू तेरावर घरी आलीस तर आपण तिघं जेवायला बसू तेव्हा चौथा तो आकडा बसेल, आणि आपल्या घरात न बोलता जेवायची सवय सगळ्यांना आहे.

मला तू यायला हवी होतीस. हे वाक्य दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा ठेवलं आहे.

— धाकटी

११ ऑगस्ट

ताई,

यादी जायच्या आदल्या दिवशी तुझी संमती सूचीत दिसली. पत्र परवा मिळालं. ते या वेळी बाबांनाही वाचून दाखवलं. एक ओळ सोडून. ती कुठली हे तुला कळेल.

तू लिहितेस की अर्ज भरतानाच तुला आकडा पाहून कळलं होतं त्यात मी आहे. ‘पोर्टलने उचलला, मी पुसला नाही. पुसता येत नव्हता असं मी स्वतःला सांगितलं. त्या जागेची मला एवढी हौस नव्हती गं. तिकडे यायला काहीतरी कारण हवं होतं. नोकरीसाठी आले असं म्हणता आलं असतं. नुसतीच आले म्हटलं तर बाबांसमोर कुठल्या तोंडाने उभी राहू?’

निकाल तुला मेलने कळलाच असेल. तरी इथे काय झालं ते सांगते, कारण मेलमध्ये ते नसणार.

मी यादीपासून बाजूला झाले होते, पण कक्षाकडून सर्व अर्जदारांसाठी एक पानाचं टिपण जोडायची मुभा असते. ते मी लिहिलं, सर तपासून वर घेऊन गेले. त्यात नाव कुणाचंच नव्हतं. एवढंच होतं की वैद्यकातल्या निबंधाला पाच वर्षांत जितके संदर्भ मिळतात, तितके मॉसच्या वर्गीकरणातल्या निबंधाला वीस वर्षांतही मिळत नाहीत. जगात मॉस ओळखू शकणारी माणसंच थोडी. म्हणून प्रत्येक निबंधाच्या आकड्याला त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या सरासरीने भागावं आणि मग माणसं शेजारी ठेवावीत. तसं केलं तर तुझा आकडा दीडच्या वर जातो. माझा जेमतेम एक. म्हणजे तुझ्या गल्लीत तू माझ्यापेक्षा बरीच मोठी आहेस. हे मी हिशेबाने सांगते आहे, मोठेपणा देत नाही.

अधिष्ठात्यांनी टिपण वाचलं. सर सांगत होते, बराच वेळ वाचलं.

“मुद्दा बरोबर आहे,” ते म्हणाले. “पण मग मला प्रत्येकाला वेगळी पट्टी लावावी लागेल. उद्या वैद्यकवाले दारात येतील. पुढच्या वर्षी समिती नेमू.” आणि मग, “ती दोन्ही विषयांवर लिहिणारी बाई कुठे गेली? ती नाही दिसत.”

“ती नव्हतीच, सर,” दशांश सर म्हणाले. “दोन होत्या.”

“अरेरे. चांगली होती.”

सर हे सांगताना हसले नाहीत. मग माझ्या टेबलावर चहा ठेवून गेले. त्यांनी कुणाला चहा आणून दिल्याचं कक्षात कुणी पाहिलेलं नाही.

जागा वैद्यकीय वनस्पतींवर काम करणाऱ्या एका गृहस्थांना मिळाली. माणूस बरा असावा. संग्रहात मॉसची कपाटं कुठल्या खोल्यांत आहेत हे त्याने निवड कळताच विचारलं म्हणे, त्यातली एक खोली त्याला बसायला हवी आहे.

आता एक गोष्ट, जी मला माहीत असायला हवी होती आणि नव्हती.

नोंदी वेगळ्या झाल्यावर सकाळी मी माझं पान उघडलं. आठ. अपेक्षेप्रमाणे. खाली सहलेखकांचा रकाना असतो. तो मी रोज शेकडो लोकांचा पाहते. माझ्यात कक्षातले चौघंजण होते, तेच असणार म्हणून मी खाली गेलेही नसते. पण यादी जुन्या निबंधापासून लागते, आणि सगळ्यात वर तू होतीस. एक समाईक निबंध. तुझ्या पानावरही तशीच मी आहे, पाहून घे. आपण एक माणूस होतो तोवर ही ओळ येऊ शकत नव्हती. स्वतःचा सहलेखक कुणाला होता येत नाही.

मी पडद्याचा फोटो काढला. कशासाठी ते माहीत नाही. बाबांना दाखवला तर म्हणाले, “हे तुला यंत्राने सांगायला हवं होतं होय?”

इस्त्रीचे कपडे त्यांनी परवा माझ्या पलंगावर आणून टाकले. टेबल रिकामं केलं, ओलं फडकं मारलं. मग मला वर पाठवून तुझ्या खोक्यातलं एक पुडकं मागवलं. कुठलंही आण म्हणाले. मी टाकीवरचं आणलं. तू करायचीस तसा त्यांनी वाळलेल्या मॉसवर पाण्याचा एक थेंब सोडला, आणि मी विसरूनच गेले होते ताई, ते खरोखर उठतं. इतकी वर्षं कागदात चपटं होऊन पडलेलं, मिनिटभरात पानं उघडतात. बाबा सूक्ष्मदर्शकाशी बसले. रेघा वाकड्या येतात. पानच तसं आहे, असं ते मला सांगतात.

काठाच्या पेशी त्यांना दिसत नाहीत. तू सांगायचीस, ते काढायचे. मी मोजून आकडा सांगते. ते म्हणतात, “आकडा नको, दिसतंय काय ते सांग.” मला ते सांगता येत नाही. मी दोन दिवस प्रयत्न केला. चित्र अर्ध्यावर थांबलं आहे आणि पान तेवढ्यासाठी ओलं ठेवलं आहे.

कारण हवं असेल तर हे घे. नको असेल तर नुसतीच ये. पंखा दुरुस्त करून घेतला आहे. खिडकी उघडी ठेवीन.

तुझी,
धाकटी